मैदानातला संचार आणि बंद दारामागचा देवऋषी

हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीत दसऱ्यानंतर विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, गोवा असा चहूकडून धनगर समाज तिथे लोटतो. ढोल आणि कैताळांचा गजर, उंच धरलेल्या छत्र्या, हवेत उधळलेला भंडारा, खारीक, खोबरं आणि मेंढीची लोकर. त्या पिवळ्या धुरळ्यात, सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून चालत आलेले फरांडेबाबा हेडाम खेळतात. अंगात संचार झाला की हातातली तलवार स्वतःच्या पोटावर मारून घेत ते नाचत पुढे सरकतात आणि ‘चांगभलं’चा घोष टिपेला पोचतो. मग भाकणूक होते. पाऊस कसा पडेल, धान्याची धारण काय राहील, रोगराई येईल का, राज्यकारभारात काय घडेल, हे बाबा तुटक, गूढ वाक्यांत सांगतात आणि दुसऱ्या दिवशी ती वाक्यं कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत छापून येतात. सैबेरियातल्या शामानांविषयी मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत जे वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं इथे डोळ्यांसमोर असतं: वाद्याच्या ठेक्यावर बदलत जाणारी जाणीव, शस्त्राने देहाची घेतलेली परीक्षा, देवाच्या वतीने केलेलं भाकीत, आणि हे सगळं जमातीच्या साक्षीने. फरक आहे तो दिशेचा. सैबेरियातला शामान देह मागे ठेवून दुसऱ्या लोकात जाऊन येतो असं मानतात, आपल्याकडे देव माणसाच्या देहात उतरतो. मिर्चा एलियाद या अभ्यासकाने १९५१च्या आपल्या ग्रंथात या फरकाला फार महत्त्व दिलं होतं. पण समाजात या माणसाकडून जे काम होतं ते पाहिलं, तर हेडाम खेळणारा फरांडा, वारल्यांचा भगत, मेळघाटातला कोरकूंचा भूमका, तळकोकणातला अवसार येणारा मानकरी आणि सौंदत्तीच्या डोंगरावर घुमणारी जोगतीण हे सगळे एकाच मोठ्या परंपरेचे लोक ठरतात.

अशा दृश्याकडे पाहण्याच्या दोन सवयी आपल्याला लागल्या आहेत. एकीला त्यात देवाची प्रचीती दिसते आणि पुढचे प्रश्न तिथेच खुंटतात. दुसरीला त्यात अडाणीपणा दिसतो आणि प्रश्न तिथेही खुंटतात. संचार खरा की खोटा, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. त्या वादात अधिक मोलाचे प्रश्न मागे राहिले. संचार होतो कुठे? किती जणांसमोर? त्यातून पैसा आणि वचक कोणाच्या हाती जातो? आणि देवाच्या तोंडून आलेला शब्द चुकला, कोणाचं नुकसान करून गेला, तर जाब कोणाला विचारायचा? माझ्या मते या परंपरेचं आजचं मोल आणि आजचा धोका, दोन्ही याच प्रश्नांच्या उत्तरांत आहेत. चारचौघांत, नेमल्या दिवशी, सगळ्या समाजाच्या नजरेखाली होणारा संचार आणि बंद दारामागे एकट्यादुकट्या गांजलेल्या माणसाला गाठून चालणारी देवऋषीपणाची पेढी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकाच तराजूत टाकलं की पहिलीवर अन्याय होतो आणि दुसरी सहज निसटते.

आधी अंगात येतं म्हणजे काय होतं, ते पाहायला हवं. दिवसभराचा उपास, रात्रीचं जागरण, गर्दीतला उकाडा, धुपाचा धूर, एकाच ठेक्यात तासन्‌तास चाललेला ढोल किंवा चौंडकं, आणि ‘आता वारं येणार’ ही भोवतीच्या सगळ्यांची वाट पाहणारी नजर. इतकं जमून आलं की स्वतःवर सतत पहारा ठेवणारी आपली नेहमीची जाणीव सैल पडते. ज्याला देवाचा सहवास लहानपणापासून अशाच रूपात दिसलेला असतो, त्याचं शरीर ओळखीच्या वाटेने जाऊ लागतं. ही वाट शिकलेली असते. जोतिबाचं वारं कसं येतं, यल्लम्माचं कसं, केस कधी मोकळे सुटतात, हुंकार कधी निघतो, हे पोराबाळांनी जत्रेत पाहून ठेवलेलं असतं. संचार उतरायच्या खुणाही ठरलेल्या असतात. अंगारा लावला, लिंबू उतरून टाकलं, तोंडावर पाणी मारलं की माणूस भानावर येतो आणि थोड्या वेळाने भाकरी खायला बसतो. म्हणून याला सरसकट ढोंग म्हणणं जसं चूक, तसंच सरसकट आजार म्हणणंही चूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू आहे. तिच्यात संचाराच्या विकाराची स्वतंत्र नोंद आहे, पण समाजाने किंवा धर्माने मान्य केलेल्या विधीचा भाग म्हणून होणारा संचार त्यातून वगळलेला आहे. तो नकोसा असेल, आवरता येत नसेल आणि त्यापायी माणसाचं रोजचं जगणं विस्कटत असेल, तरच तो आजार. म्हणजे डॉक्टरांचं शास्त्रसुद्धा संचाराकडे पाहताना भोवतालचा समाज मोजतं.

संचाराने माणसाला काय मिळतं, हे घरातल्या संचारात सर्वांत स्पष्ट दिसतं. घरातली थोरली सून दिवसभर ‘ए’, ‘अगं’ अशा हाकांना ओ देत असते. पौर्णिमेच्या रात्री तिच्या अंगात देवी येते आणि क्षणात घराची सगळी भाषा पालटते. सासू स्वतः हळदीकुंकू लावते, ओटी भरते, डोकं टेकवते. ‘आई, काय चुकलं आमचं? लेकरांचं चुकलंमाकलं पोटात घे,’ अशी विनवणी होते. सुनेने सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं, ते आता सगळे कान देऊन ऐकतात: नवऱ्याचं पिणं, माहेरी न पाठवणं, घरात पहिल्या पोरीची झालेली आबाळ. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी सोमालियातल्या अभ्यासाच्या आधारे १९७१ साली हाच मुद्दा मांडला. तिथल्या बायकांना ‘सार’ नावाची भुतं झपाटतात आणि ती भुतं नवऱ्यांकडे कापडचोपड, अत्तर आणि मान मागतात. जिथे बाईला स्वतःच्या तोंडाने मागता येत नाही, तिथे ती दुसऱ्या शक्तीच्या तोंडाने मागते, असं लुईस यांचं म्हणणं होतं. आणि ही फक्त बहुजनांच्या घरांतली गोष्ट आहे असं कोणी समजू नये. नवरात्राच्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागर फुंकायची चाल कोकणस्थ ब्राह्मण घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तोंडाशी घागर धरून फुंकत, फेर धरत बायका नाचतात, एखादीच्या अंगात देवी येते आणि घरातले कर्ते पुरुष हात जोडून तिला प्रश्न विचारतात. जात वेगळी, मंत्र वेगळे, पण एरवी मागे बसणाऱ्या बाईला मधोमध आणून तिचं ऐकून घेण्याची सोय तीच.

यावर कोणी म्हणेल, आणि रास्त म्हणेल, की अशाने बदललं काय? संचार उतरला की सून पुन्हा चुलीपुढे आणि नवरा पुन्हा गुत्त्यात. मुस्कटदाबीतली वाफ अधूनमधून सोडली की ती व्यवस्था आणखी टिकते, एवढंच. या आक्षेपात बरंच तथ्य आहे. देवीच्या तोंडून तक्रार ऐकली जाते, पण सातबाऱ्यावर बाईचं नाव लागत नाही. ते काम कायद्याने आणि चळवळीने करायचं असतं. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९२० साली जोगतीण-मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध कायदा केला, तो ही मर्यादा ओळखूनच. पण घराघरांतून बायकांना स्वतःच्या नावाने बोलता येईल अशी जागा तयार होण्याआधी त्यांची देवीच्या नावाने बोलायची जागा हिसकावून घेतली, तर त्यांच्या हाती काय उरतं, याचाही विचार सुधारकाने केला पाहिजे.

पट्टणकोडोलीच्या भाकणुकीचं काम याहून वेगळं आहे. ग्युंटर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांची दैवतं, त्यांच्या ओव्या आणि त्यांच्या वाटा यांचा अनेक वर्षं माग काढला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये आला. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव या जोडीला पंढरीच्या विठ्ठलाच्या मुळाकडे नेणारा पुरावा मानलं. अवघ्या महाराष्ट्राचं लाडकं दैवत ज्या गोपालक-धनगर संस्कृतीतून वर आलं असं ढेरे म्हणतात, तिचं अजून चालतं-बोलतं रूप कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर आहे. मेंढपाळाचं सगळं जगणं चाऱ्यापाण्याच्या मागे फिरणारं. पावसाळा सरला की कळप घेऊन कोणत्या मुलखात उतरायचं हा निर्णय वर्षाचं पोट ठरवतो. अशा वेळी, वाटा फुटण्याआधी सगळे एकत्र येतात आणि पाऊस, धारण, रोगराई या प्रत्येकाच्या मनातल्या धास्त्या एका उंच आवाजात सगळ्यांसमोर उच्चारल्या जातात. हवामानाचा अंदाज म्हणून भाकणुकीची किंमत शून्य आहे, हे निःशंकपणे सांगायला हवं. गूढ वाक्याचा मागाहून हवा तसा अर्थ लावता येतो, म्हणून ते नेहमी खरंच ठरतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने या भागाचं जे केलं, त्यानंतर पावसाबद्दल कोणी काही सांगितलं तर ते हवामान खात्याच्या आकड्यांशी ताडूनच घ्यायला हवं. पण पुराने आणि दुष्काळाने पिचलेल्या माणसांनी वर्षातून एकदा आपली भीती एकट्याने न सोसता एकत्र ऐकावी, याची गरज कोणत्याही उपग्रहाने संपलेली नाही. आदमापूरच्या बाळूमामांच्या भंडारा यात्रेतही भाकणूक होते आणि तिथेही गर्दी दरवर्षी वाढतेच आहे. तिचं कारण निव्वळ अज्ञानात शोधणाऱ्याला ती गर्दी कळणार नाही.

या भाकणुकीच्या काही गोष्टी नीट ध्यानात घ्यायला हव्यात. ती हजारो लोकांसमोर होते. फरांडा कोण असावा हे परंपरेने ठरलेलं असतं, तिथे कोणी दुकान मांडू शकत नाही. तो कोणा एका माणसाचं खासगी संकट सोडवायला बसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, तो कोणाकडे बोट दाखवत नाही. ‘तुझं पोर आजारी आहे ते तुझ्या भावजयीच्या करणीमुळे’ असं वाक्य त्या मैदानात उच्चारलं जात नाही.

हे वाक्य उच्चारलं जातं ते बंद खोलीत. अमावास्येला, पौर्णिमेला किंवा ठरल्या वारी बसणाऱ्या देवऋषीची रीत साधारण अशी असते. येणारा आधीच खचलेला असतो: पोर होत नाही, म्हैस आटली, धंद्यात खोट आली, मुलगा एकटाच बडबडतो. देवऋषी दोन-चार प्रश्नांत घराची कुंडली काढून घेतो आणि मग तेच संचारात परत सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. पुढे दोष कोणाचा ते ठरतं. कधी शेजारीण, कधी भावकी, कधी घरातलीच विधवा. नंदुरबारच्या पट्ट्यात ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण होते, गावातून हाकलून देतात, जीवही गेले आहेत. साप चावलेल्या माणसाच्या बाबतीत तर दुमत होण्याजोगं काहीच नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दर वेळी पुरेसं विष अंगात जातंच असं नाही. म्हणून मांत्रिकाच्या हातून ‘बरे झालेले’ लोक प्रत्येक गावात भेटतात आणि त्यांच्या गोष्टीवर विसंबून पुढचा माणूस मरतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं प्रतिविष सरकारी दवाखान्यात असताना मांत्रिकाच्या दारात घालवलेला प्रत्येक मिनिट खुनाच्या जवळ जातो. मनोरुग्णांचंही तेच. तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी मनोरुग्णालयात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं जळून मेली. ती दैवी उपचारांच्या आशेनेच तिथे आणली गेली होती.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो विवेकवादी चळवळीकडून. मैदानातला संचार आणि बंद खोलीतला संचार यांच्यात तुम्ही रेघ ओढता, पण खोलीतल्या देवऋषीला पत मिळते ती मैदानामुळेच. देव माणसाच्या अंगात येतो हे एकदा मान्य झालं, की तो कोणाच्याही अंगात येऊ शकतो, फसवणाऱ्याच्याही. हे म्हणणं मांडणाऱ्या माणसांनी महाराष्ट्रात त्याची किंमत रक्ताने मोजली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात, त्यांच्या घराजवळ गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्यांच्या शहरात बसून या विषयावर लिहिताना त्यांच्या युक्तिवादाला उडवाउडवीचं उत्तर देणं अशक्य आहे. आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे, मैदानातली श्रद्धा खोलीतल्या धंद्याला भांडवल पुरवते. पण त्यावर मैदान बंद करण्याचा उपाय मला पटत नाही, आणि तो उपाय दाभोलकरांच्या हयातभराच्या खटपटीतून आलेल्या कायद्यानेही स्वीकारलेला नाही. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा अंगात येण्याला गुन्हा म्हणत नाही. अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचा आभास निर्माण करून लोकांना भीती घालणं, धमकावणं, ही त्या कायद्याची भाषा आहे. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, एखाद्याला चेटूक करणारा ठरवून त्याचं जगणं कठीण करणं, हे गुन्हे आहेत आणि त्यांना सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. यात्रा, प्रदक्षिणा, भजन-कीर्तन अशा गोष्टी कायद्याने स्पष्टपणे बाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे रेघ मी ओढलेली नाही, ती विवेकाच्या लढ्यातूनच ओढली गेली आहे. ती गावोगाव ठसठशीत करणं, देवऋषीच्या दारात पोलीस पाटलाला नेऊन उभं करणं, हे काम मात्र अजून बरंच बाकी आहे.

दुसरा आक्षेप कोल्हापूरकराला अधिक टोचायला हवा. मैदानातला, समाजमान्य, उघडा संचार निर्दोष असतो हे म्हणणं जोगतिणीपुढे टिकत नाही. मुलीच्या केसांत जट दिसली, तिच्या अंगात वारं आलं, की यल्लम्माने तिला मागितली असं सगळ्या गावाने मिळून ठरवायचं, गळ्यात ‘दर्शन’ म्हणजे देवीच्या नावाची माळ बांधायची आणि तिला आयुष्यभर कोणाचीही आणि कोणाचीच नाही अशी करून सोडायचं, हे उघड्यावर, वाजतगाजतच होत आलं. गडहिंग्लज, चंदगड, कागल या सीमाभागाला ही प्रथा चांगली ठाऊक आहे. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली, त्या भागातल्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी आयुष्यं वेचली. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली देवदासी सोडण्याविरुद्ध कायदे केले. गारगोटीच्या राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांतून हे जग आतून दाखवलं, आणि जोगत्या झालेल्या पुरुषाची, ना इकडचा ना तिकडचा अशी होणारी कोंडीही. तेव्हा माझ्या मांडणीला एक अट जोडायलाच हवी: संचार उघड्यावर असणं पुरेसं नाही, ज्याच्या अंगात येतं त्याला तो संचार सोडून घरी जाता आलं पाहिजे. फरांडा यात्रा संपली की आपल्या घरी जातो. घागर फुंकणारी बाई सकाळी आपल्या कामाला लागते. जोगतिणीला परतीची वाट नसते, आणि जट हा तिचा पुरावा मानला जातो. ती जट न विंचरलेल्या, गुंतलेल्या केसांची असते, दुसऱ्या कशाची नाही. बाईचं मन वळवून ती कापणारे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते म्हणूनच फार मोठं काम करतात. मानेवर लोंबणारं ओझं उतरतं आणि देवीचा कोप काही होत नाही, हे बाईला स्वतःच्या अंगावर कळतं.

मग या परंपरेत बरं करण्याची ताकद खरोखर काही आहे का? याचं उत्तर देताना दोन्ही बाजू घाईत असतात. बंगळूरच्या निम्हान्समधले मानसोपचारतज्ज्ञ आर. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. तमिळनाडूतल्या मुथुस्वामीच्या एका देवळात येऊन राहणाऱ्या ३१ मनोरुग्णांची आल्यावर आणि जाताना अशी दोनदा तपासणी केली. त्यांतल्या बहुतेकांना गंभीर मानसिक आजार होते. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात त्यांची लक्षणं सुमारे १९ टक्क्यांनी कमी झाली. तिथे अंगारे-धुपारे, झाडाफुंकी, असा कोणताच खास विधी नव्हता. साखळ्या नव्हत्या. रुग्णाबरोबर घरचं माणूस राहायचं, दोघं सकाळच्या पूजेला यायचे, अंगण झाडायचे, झाडांना पाणी घालायचे, आणि त्यांना वेडं म्हणून कोणी हिणवायचं नाही. अभ्यास लहान आहे, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारता येणार नाही. पण त्यातून निदान एवढं दिसतं की आराम पडला तो मंत्राशिवाय पडला. नावं न ठेवता सामावून घेणारी माणसं, हाताला काम आणि आपलं माणूस जवळ, एवढ्याने तो पडला असावा. देवऋषीकडे बरं वाटलं म्हणणाऱ्यालाही बहुधा याचाच थोडा अंश मिळालेला असतो, फक्त त्याचं श्रेय लिंबाला आणि दक्षिणा देवऋषीला जाते.

मैदान बंद करून गरज संपत नाही, याला जगभरचा अनुभवही दुजोरा देतो. सोव्हिएत राजवटीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत सैबेरियातल्या शामानांना पकडलं, त्यांचे डफ हिसकावून घेतले. परंपरा मोडली, पण तिची गरज मोडली नाही, आणि राजवट कोसळल्यावर ती पुन्हा उगवली. दक्षिण कोरियात १९७०च्या दशकातल्या ग्रामसुधार मोहिमेत गावोगावची देवठाणी अंधश्रद्धा म्हणून पाडली गेली. पुढे त्याच सरकारने या विधींना सांस्कृतिक वारसा मानलं, आणि जेजू बेटावर समुद्र शांत राहावा म्हणून वाऱ्याच्या देवीसाठी होणारा कोळी आणि पाणबुड्या बायकांचा विधी २००९ साली युनेस्कोच्या यादीत गेला. दुसऱ्या टोकाला अमेरिकेत मायकेल हार्नर यांनी १९८० साली पुस्तक लिहून, कोणत्याही जमातीशी, दैवताशी नातं नसलेली, कोणालाही वर्गात शिकता येईल अशी शामानविद्या तयार केली. आज आपल्या शहरांतही ‘हीलिंग’च्या नावाने तशी शिबिरं फी घेऊन चालतात. मला ती पट्टणकोडोलीच्या मैदानापेक्षा देवऋषीच्या खोलीच्या अधिक जवळची वाटतात. तिथेही माणूस एकटा येतो, एकटा पैसे देतो, आणि पुढच्या वर्षी जाब विचारायला कोणी समाज पाठीशी नसतो.

आणि हे सगळं ज्या पार्श्वभूमीवर घडतं ती विसरून चालणार नाही. निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या प्रौढांपैकी दहा टक्क्यांहून अधिक लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार आहे, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० टक्क्यांहून जास्त रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने २०१७ साली रुग्णाला साखळीने बांधायला बंदी केली, १४४१६ या क्रमांकावर फोनवरून मदत मिळते, पण राधानगरीच्या वाडीवरची आई आपल्या बडबडणाऱ्या पोराला घेऊन आधी देवऋषीकडेच जाते, कारण तो जवळ आहे, ओळखीचा आहे, आणि तिच्या भाषेत बोलतो. तिला दटावून काही होणार नाही. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा आणि दुआ’ हा प्रयोग चालला. मुजावरांना आजाराच्या खुणा ओळखायला शिकवलं, दर्ग्याच्या आवारातच मानसोपचारतज्ज्ञ बसवले, आणि दुआ मागायला आलेला माणूस गोळ्याही घेऊन जाऊ लागला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’च्या दवाखान्याला आदिवासींच्या माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. मेळघाटात भूमकांना सोबत घेऊन रुग्ण दवाखान्यापर्यंत आणण्याचे प्रयत्न झाले आहेत.

कोल्हापुरात असा प्रयत्न करायला जागांची वाण नाही. जोतिबाचा डोंगर आहे, आदमापूर आहे, मार्गशीर्षात सौंदत्तीहून परतलेले लोक आंबील यात्रेला जमतात ती ओढ्यावरची रेणुका आहे. सरकारने देवळात डॉक्टर बसवला तर अंधश्रद्धेला सरकारी शिक्का मिळेल, अशी भीती काही जण व्यक्त करतील. यात्रेच्या गर्दीत पोलिओचा डोस पाजला गेला तेव्हा सरकारने देवाच्या चमत्कारावर सही केली असं कोणाला वाटलं नव्हतं. जिथे माणसं दुःख घेऊन येतात तिथे औषध नेणं, एवढाच त्याचा अर्थ. जोतिबाच्या चैत्र यात्रेत आरोग्य खात्याची पथकं आजही असतात, उन्हाने चक्कर आलेल्यांना सलाईन लावतात. त्यांच्या शेजारी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि मन मोकळं करायला दोन समुपदेशक बसवायला नवा कायदा लागत नाही. कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयाचं एक पत्र, पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीने दिलेली एक खोली, आणि गुरव-पुजाऱ्यांशी आधी झालेलं बोलणं इतकं पुरे. पहिल्या यात्रेला तिथे चार माणसं आली तरी चालतील. त्या चौघांपैकी एकाला जरी पुढच्या अमावास्येला देवऋषीकडे जाण्याऐवजी सीपीआरच्या बाह्यरुग्ण विभागाचा कागद हातात मिळाला, तरी दुसऱ्या वर्षी ती खोली मोठी मागता येईल.